क्षेपणास्त्राला वन्स मोअर
२०२५ च्या दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी, वडशातल्या एका राइस मिलच्या पटांगणात एका दुपारी तीन क्षेपणास्त्रे सोडण्यात आली. दोन अडवली गेली. तिसरे अडवले गेले नाही.

क्षेपणास्त्रे म्हणजे दिवाळीची रॉकेटे होती. सोडणारी एक झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटक कंपनी होती. नवा धान यायला अवकाश असल्याने मिलचे पटांगण रिकामे होते आणि मिलमालकाने ते तालमीला दिले होते. मी त्या वेळी नागपूरची नोकरी सोडून वडशात राहत होतो आणि एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. कंपनीचा लेखक, जो दिग्दर्शकही होता, गणपतीच्या दिवसांत माझ्याकडे आला. मे महिन्यात चार दिवस सगळ्या वडशाने टीव्हीवर सीमेवरचे आकाश पाहिले होते. त्याला त्यावर प्रवेश लिहायचा होता.

"पेपरात छापता ते नका सांगू," तो म्हणाला. "खरंच अडवते का, ते सांगा."

मी जेवढे खात्रीने सांगता येईल तेवढे सांगितले. लांब पल्ल्याची यंत्रणा म्हणजे एकच तोफ नव्हे. दूरवर पाहणारे रडार, निर्णय घेणारी चौकी आणि रोखणारी क्षेपणास्त्रे, अशी सगळी साखळी असते. एका हल्ल्यावर बहुधा दोन रोखणारी सोडतात, कारण एकाचा नेम चुकू शकतो. कितीही चांगली यंत्रणा असली तरी सगळेच अडवते असे नाही. किती अडवले याचे आकडे दोन्ही बाजू आपापले देतात आणि त्यांना स्वतंत्र दुजोरा क्वचितच मिळतो. आणि रोखणारे क्षेपणास्त्र बहुतेक वेळा ज्याला रोखायचे त्याच्यापेक्षा महाग पडते, बनवायलाही वेळ घेते.

त्याने विचारले, समोरचा सस्तंवालं सोडतच राह्यला, तर महागवालं आधी संपेल की नाही. मी म्हणालो, तज्ज्ञांचा वादही तिथेच येऊन थांबतो. तो चहा न पिताच निघाला. दुसऱ्या दिवशी प्रवेश लिहून तयार होता.

कंपनी नवी होती. मालकीण स्वतः नायिकेचे काम करणाऱ्या; पंधरा-वीस वर्षे दुसऱ्यांच्या कंपन्यांत गाजल्या आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या कंपनीचा बोर्ड लावला. सगळे त्यांना बाई म्हणत. कलाकार त्यांच्या शब्दावर थांबले होते, पण बाकीच्या कंपन्यांची ऑफिसे मिलच्याच रस्त्यावर होती आणि तिथून रोज कोणाला ना कोणाला बोलावणे येत होते. मूल शहराच्या पलीकडच्या एका मोठ्या गावाचे मंडळ मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, नाटक ठरवायला येणार होते. आजूबाजूची गावे त्याच मंडळाकडे पाहून नाटके ठरवत. त्यांनी होकार दिला तर बाईंचा हंगाम लागणार होता. नाही तर कलाकार दिवाळीपूर्वीच पांगणार, हे बाईंना माहीत होते आणि कलाकारांनाही.

यंत्रणा उभी केली ती लाइटवाल्याने. मिलच्या छपरापासून रंगमंचाच्या मागच्या पडद्याच्या चौकटीपर्यंत त्याने एक तार ताणली. पडद्यावर धरण रंगवलेले होते; प्रवेशात हल्ला त्या धरणावर होता आणि धरणाखाली गाव होते. तारेवर कडी, कडीला दोऱ्याने बांधलेले रॉकेट. पेटले की ते सुसाट धरणाकडे येई. दुसरी तार विंगेतून वर जाऊन पहिलीला आडवी ओलांडत होती. तिच्यावरून रोखणारे जायचे. त्याला ॲल्युमिनियमचे अंग, पोटात रॉकेट, लाल दिवा, चमकीची पिशवी आणि टोकाला धारदार आकडा होता; एकदा सुटले की ते पुन्हा वापरता येत नसे. आकड्याने दोरा कापला की चमकी फुटायची आणि हल्ल्याचे रॉकेट खालच्या ओल्या वाळूत पडायचे. रडार म्हणून एक जुनी डिश सायकलच्या पेडलवर फिरत होती.

पहिल्या दिवशी रोखणारे अर्ध्या तारेवर अडकले. दुसऱ्या दिवशी उशिरा पोचले आणि धरणाला काळा डाग पडला. तिसऱ्या दिवशी दोरा कापला गेला, चमकी उडाली, आणि कंपनीचा तबलजी तबला सोडून पटांगणात धावत सुटला. मी बातमीदारीत बरेच काही पाहिले आहे. त्या दिवशी मीही उठून उभा राहिलो होतो.

एकटे सोडलेले रोखणारे कधी लागे, कधी चुके. दोन लागोपाठ सोडली की काम होई. म्हणून दोन सोडायची ठरली. दिग्दर्शकाने लाइटवाल्याला आणखी बनवायला सांगितली, तेव्हा लाइटवाल्याने हातातली कात्री खाली ठेवली.

"एक बनवाले माहे दोन दिवस जाते भाऊ," तो म्हणाला. "हल्ल्यावालं त दुकानात डब्यानं भेटते."

मंडळ यायच्या दिवशी चार तयार होती. दोन प्रवेशासाठी, दोन राखीव. सगळ्यांना ती पुरेशी वाटली.

मंडळाचे पाच जण दुपारी आले. अध्यक्ष पन्नाशीचे, शेती करणारे आणि कमी बोलणारे. त्यांचा पुतण्या सैन्याच्या हवाई संरक्षण तुकडीत होता. त्यांच्यासाठी पाच खुर्च्या मांडल्या होत्या. पण मिलचे हमाल, शेजारची घरे, शाळा सुटलेली मुले, दुसऱ्या कंपन्यांचे कलाकार, असे सगळे मिळून पटांगण भरून गेले. बाई हिरव्या गणवेशात चौकीवर आल्या. रडार फिरले. छपरावरच्या माणसाने रॉकेट पेटवले. पहिले रोखणारे चुकले, दुसऱ्याने दोरा कापला आणि चमकी खाली बसलेल्यांच्या डोक्यांवर पडली.

गर्दीतून आवाज आला, "वन्स मोअर."

झाडीपट्टीत वन्स मोअर नाकारत नाहीत. नाकारला तर लोक तो अपमान समजतात, आणि मग पुढचे नाटक होत नाही. हे कंपनीत प्रत्येकाला पाठ होते. पण वन्स मोअर गाण्याला येतो, लावणीला येतो, एखाद्या विनोदी प्रवेशाला येतो. क्षेपणास्त्राला येईल हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. तालमीला प्रेक्षक नसतात.

राखीव दोन लावली गेली. याही वेळी दुसऱ्याने दोरा कापला. आता गर्दी उभी राहिली होती आणि शिट्ट्या चालू होत्या. लाइटवाल्याने विंगेतून रिकामे हात दाखवले. दिग्दर्शकाने पुढच्या प्रवेशाची खूण केली. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष, जे तोवर हाताची घडी घालून बसले होते, त्यांनी एक हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, "वन्स मोअर."

गर्दीने ते उचलून धरले. छपरावरच्या माणसाला विंगेतले काही दिसत नव्हते. वन्स मोअर मात्र ऐकू आला. त्याच्याजवळ रॉकेटांचा अख्खा डबा होता. त्याने तिसरे पेटवले.

ते निघालेले सगळ्यांनी पाहिले. आडव्या तारेवर काहीच आले नाही. बाई चौकीवर होत्या. त्यांनी एकदा विंगेकडे पाहिले, आणि मग जे केले ते लिहिलेले नव्हते. त्या धरणाच्या पडद्याकडे धावल्या, तो वर धरणारी दोरी सोडली, आणि अख्खे धरण धाडकन खाली आले. धावता धावताच त्यांनी वाक्य टाकले.

"आमच्याजवळचं संपलं. गाव खाली करा."

तारेच्या टोकाशी दोरा तुटून रॉकेट रिकाम्या चौकटीतून आरपार गेले आणि मागच्या भिंतीवर आपटून विझले. पडद्याची एक कड जळाली. पुढच्या ओळीतल्या दोन बाया खरोखरच मुले उचलून मागे पळाल्या होत्या. डिश अजून फिरतच होती. रडार फिरवणारा थांबायचे विसरला होता. मग जो गोंगाट झाला तो स्टेशनपर्यंत ऐकू गेल्याचे नंतर दोघांनी सांगितले.

मेकअप न उतरवता बाई अध्यक्षांसमोर येऊन उभ्या राहिल्या. कलाकार विंगेतून पाहत होते. दिग्दर्शक चूक झाली, रोखणारी कमी पडली, मंडईला जास्त आणू, असे सांगू लागला. अध्यक्षांनी त्याला थांबवले.

"कमी पडली का पाडली?"

"पडली," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष म्हणाले की मे महिन्यात चार दिवस त्यांची वहिनी जेवली नव्हती. सगळे टीव्हीवाले सांगत होते, सगळं अडवलं. पुतण्या फोनवर काहीच सांगत नव्हता. सुटीवर आल्यावर एकदाच बोलला, की काका, आपल्याजवळ किती उरलं हेच आम्ही मोजत राहतो.

"आमच्या मंडईत तिसरं पाह्यजे," अध्यक्ष म्हणाले. "पयले दोन अडवा. तिसरं येऊ द्या. अन् बाई, तुमी असंच धावा."

"धरण दरवेळी पाडावं लागन," बाई म्हणाल्या.

"पाडा नं. रंगवाले आमच्या गावचे पोरं आहेत."

मंडळातला दुसरा एक जण हसून म्हणाला की एवढी महागाची रोखणारी बनवण्यापेक्षा तिन्ही रॉकेटे तशीच येऊ द्यावीत, नाटक स्वस्तात होईल. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले. "मंग गावाले कोण वाचवन," ते म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. विंगेतून लाइटवाल्याने एवढेच विचारले, की मंडईपर्यंत किती बनवू. बाई म्हणाल्या, जेवढी होतील तेवढी.

त्याच संध्याकाळी मंडळाने मंडईचे नाटक पक्के केले. पुढच्या आठवड्यात त्या बाजूच्या आणखी दोन गावांची मंडळे येऊन गेली आणि त्यांनीही पक्के केले. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा ट्रक वडशाहून मूलच्या रस्त्याला लागला. धरणाचा पडदा नव्याने शिवून वर बांधला होता. कलाकारांपैकी एकही दुसऱ्या कंपनीत गेला नव्हता.