साबणानं धुतलेला एअर फिल्टर

आमच्या घरात दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालतात. काही टाकून द्यायचं म्हटलं की माझ्या अगदी जिवावर येतं. त्यामुळे गाडीचा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारी ती कागदी घड्यांची चौकट, धुळीनं काळी पडलेली दिसली तेव्हा मी ती सरळ कपड्यांच्या साबणात बुडवली. ब्रशनं घासली, दोन दिवस गॅलरीत वाळवली आणि पुन्हा बसवली. स्वतःवर भलताच खूश होतो. बायकोला सांगितलं नाही. तिनं लगेच विचारलं असतं, "गाडीच्या पुस्तिकेत असं लिहिलंय का?"

गाडी चालवते ती. मी कसबा पेठेत वाढलेला, पायी हिंडणारा माणूस. गाडीत माझं काम शेजारी बसून सूचना करण्याचं. ती मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी जिद्दीनं शिकली. धायरीला राहणाऱ्या आपल्या आईला तिनं शब्द दिला होता की, तुला कात्रजचा घाट ओलांडून गावी नेईन आणि गाडी मीच चालवीन. म्हातारी दर फोनला विचारायची, "कधी गं?"

फिल्टर धुतला आणि गाडी कण्हायला लागली. चढावर कितीही पाय दाबा, ओढेचना. मागून हॉर्नचा गजर. अशा वेळी मी काय बोलावं? "अगं, क्लच सोडायचा असतो, कुरवाळायचा नसतो!" दुसऱ्या दिवशी म्हणालो, "तुला चढ जमत नाही, मान्य कर." आठवडाभर माझं हेच चालू होतं. शेवटी तिनं किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "विकून टाका. माझं वय झालं. आईला टॅक्सीनं नेईन." आवाज शांत होता, डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, पण चूक माझी असेल हे काही डोक्यात आलं नाही.

विकण्याआधी एकदा दाखवून घेऊ म्हणून आम्ही धायरीतल्या मेकॅनिककडे गेलो. माणूस अमरावतीकडचा. त्यानं गाडी एक चक्कर फिरवून आणली, इंजिन गार होऊ दिलं, मग बॉनेटखालच्या काळ्या डब्याच्या क्लिपा उघडून फिल्टर उन्हात धरला. पलीकडचा उजेड दिसेना. त्यानं तो नाकाशी नेला.

"हे काऊन धुतलं जी? कागद हाये हा. घड्या चिकटल्या साऱ्या. गाडीनं श्वास कुठून घ्यावा?"

त्यानं माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. पण काय माणूस बघा! बायकोकडे वळून म्हणाला, "ताई, कोण्या गॅरेजवाल्यानं धुतला असंल. तुमच्या पायाची काही चूक नाही."

मला गप्प बसता आलं असतं. पण तिचा चेहरा पाहिला.

"मी धुतला," मी म्हणालो. "साबण लावून."

ती थेट बॉनेटपाशी गेली. मेकॅनिकला म्हणाली, "नवा कसा बसवायचा, मला दाखवा."

त्यानं दाखवलं, पण हात लावला नाही. सगळं तिच्याकडून करून घेतलं. आधी डबा कोरड्या फडक्यानं पुसायचा. फिल्टरची रबरी कड खाचेत नीट बसली का, बोट फिरवून बघायचं. मग क्लिपा लावायच्या. पुस्तिकेत दिलेलं अंतर झालं की बदलायचा, पण इथं जिकडेतिकडे बांधकामांची धूळ, तेव्हा मध्येच उघडून बघायचा आणि काळा पडला असेल तर वाट बघायची नाही. तिनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. शेवटची क्लिप टकदिशी बसली तेव्हा मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

रविवारी घाट. सासूबाई पुढे, मी मागे. गाडी वळणामागून वळण चढत गेली. माझ्या तोंडातून एकही सूचना निघाली नाही. बोगद्याच्या अलीकडे तिनं गाडी बाजूला घेतली, आईला पाणी दिलं आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, यापुढे माझं काही चुकतंय असं वाटलं ना, तर आधी बॉनेट उघडून बघा."

सासूबाई खुदकन हसल्या. मी "हो" म्हणालो आणि तिनं पहिला गिअर टाकला.