जिभेवर पहारा

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ आमचं ट्रकचं यार्ड. तिथल्या माईकवर हिराताई बसायच्या आणि मी शेजारी गेटपास लिहायचे. गाड्यांचे नंबर त्या इतक्या खणखणीत आवाजात पुकारायच्या, की केबिनमध्ये घोरत पडलेला ड्रायव्हरही उठून बसे. पण दोन नंबरांच्या मधे त्यांचा डावा गाल हळूच फुगायचा. आत जीभ तुटक्या दाढेवर घासत असायची. वर्षापूर्वी दाढेचा टवका उडाला, तेव्हापासूनची ही सवय. टोकलं की हसायच्या. "जिभेला हाड नाय, म्हनून तिला चैन नाय."

हिराताई मूळच्या उरणजवळच्या मोरा गावच्या, कोळीवाड्यातल्या. यार्डातल्या कुणालाही त्या घाबरत नसत. एका सकाळी मात्र माईक बंद करून माझ्याकडे वळल्या. "जरा बग गं, काय हाय?"

मोबाइलच्या उजेडात मी पाहिलं. जिभेच्या कडेला पांढरट चट्टा, मधे लाल जखम.

"किती दिवस झाले, ताई?"

"महिना झाला असंल."

त्यांची थोरली बहीण तोंडाच्या कॅन्सरने गेली होती.

त्याच दुपारी मी त्यांना पनवेलच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी दाढेची धार घासून गुळगुळीत केली. "माझं काम झालं, सवय तुम्हालाच मोडायची आहे," त्या म्हणाल्या. "'न' म्हणताना जीभ वर टेकते ना, तिथेच ठेवायची. पंधरा दिवसांत जखम भरली नाही, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

बाहेर येताच हिराताईंनी मला बजावलं, "घरी कुनाला सांगू नको. आनि माजा गाल हालला की टेबलावर थाप मार. लाजू नको."

पहिल्या दिवशी इतक्या थापा मारल्या, की माझाच तळवा लाल झाला. थाप ऐकली की त्या दचकायच्या, ओठ मिटून जीभ टाळूला लावायच्या. चौथ्या दिवशी भडकल्या. "तू काय माजी सासू हाय? बंद कर ती थाप!" मी हात मागे घेतला. गेटपास लिहायला लागले. मग गाल परत हलला, आणि त्यांनी स्वतःच टेबलावर हात आपटला. माईक चालू होता. अख्ख्या यार्डात तो आवाज घुमला.

आठवड्याने थापा कमी झाल्या, जखम मात्र हटेना. रोज जेवणाआधी त्या तोंड उघडायच्या, मी बघायचे. खोटं बोलायचा धीर होत नसे. "तेवढीच आहे," म्हणायचे. त्यांचा डबा अर्धा परत जायचा. बाराव्या दिवशी नंबर पुकारताना त्या अडखळल्या आणि त्यांनी माईक बंद केला.

"अक्काला पन अशीच जखम झालती," त्या म्हणाल्या. "तिनं मला दाखवली. मी बोल्ले, उष्नता हाय, कात लाव. तीन महिने ती कातच लावीत बसली."

मी त्यांचा हात धरला. बाहेर गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या.

पंधराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी जीभ कापसात धरली, कड दाबदाबून पाहिली. हिराताईंचे डोळे छताला लागले होते, माझे डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याला.

"भरत आलीये," त्या म्हणाल्या. "कड मऊ आहे. तुकडा आत्ता नको. पुन्हा पंधरा दिवसांनी दाखवा."

हिराताई खुर्चीतून उठेनात. पुढच्या वेळी गेलो, तेव्हा चट्टा पार गेला होता.

त्यानंतरच्या सुट्टीला त्या मला घेऊन मोऱ्याला गेल्या. धक्क्याजवळ मासळी निवडत बसलेल्या बायकांसमोर बसल्या आणि एकेकीला म्हणू लागल्या, "तोंड उघड बगू." बायका हसत होत्या, उघडत होत्या. एका म्हातारीने मात्र पदर तोंडावर धरला. बरंच विनवल्यावर तिने गालाच्या आतली जखम दाखवली.

"चल, उरनला डॉक्टर बसलाय."

"उद्या सकाली जाऊ गं. माजी मासली हाय."

"सकाली नाय. आता."

हिराताईंनी तिची मासळीची पाटी उचलली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि रिक्षाच्या दिशेने चालू लागल्या. मागे वळूनही पाहिलं नाही. पाटी चालली म्हणून म्हातारी शिव्या घालत त्यांच्यामागे निघाली.