अनंताकाकाचं क्रोम

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी फोन उचलत नाही. त्या दिवशी काकाचा नंबर दिसला म्हणून उचलला. आवाज मात्र पंचगंगा घाटाजवळच्या फूलवाल्याचा होता. “बिटिया, पंडितजी बैठे-बैठे गिर गए. जल्दी आइए.” मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा काकाची मोटरसायकल नेहमीच्या जागी उभी होती, उन्हात अशी चमकत होती की मला वाटलं, काही वाईट झालेलं असणारच नाही... बाबा माझ्याआधी घाटावर गेले होते. तोवर सगळं संपलं होतं.

अनंताकाका बाबांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिला. महाराष्ट्रातून इकडे गंगेवर येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं तो घाटावर करायचा. हौस म्हणाल तर एकच, ती जुनी सेकंडहँड मोटरसायकल. सुट्या भागांच्या बाजारात हिंडून, दुकानदाराशी मनसोक्त हुज्जत घालून तो एकेक स्वस्तातला, क्रोमचा चकचकीत मुलामा दिलेला तुकडा आणायचा. कधी गोल आरसे, कधी हेडलाइटची कडी, कधी सायलेन्सरवरची जाळी. शेवटी लेगगार्ड आला. बसवून झालं की चार पावलं मागे जाऊन बघायचा आणि मला हाक मारायचा, “मनू, ये. सांग, काय बदललंय?” मी फारशी बोलत नाही, पण हे मला नेहमी ओळखता यायचं.

बाबांना ते सगळं सहन व्हायचं नाही. बँकेतली नोकरी, स्वभाव तसाच. “पिंडदानाला जातोस की कोणाच्या वरातीला?” ते जेवताना विचारायचे. काका भात कालवत म्हणायचा, “वरातीत नाचायला तू ये दादा, घोडी माझ्याकडे आहे.” मी ताटाकडे बघत राहायचे. आमच्याकडे थट्टेचं भांडण कधी होईल, याचा नेम नसे.

एका दसऱ्याला काकानं पूजेची ताम्हनं, पळी, पंचपात्र घासली आणि उरलेली चिंच नि मीठ घेऊन तो गाडीकडे वळला. तांब्याला जी लखलखीत करते, ती क्रोमला का नाही करणार? हेडलाइटच्या कडीवर चिंच थापून तो आंघोळीला गेला. येऊन पुसली, तर वरचा पातळ मुलामा करडा पडून सुटत होता. बाबा म्हणाले, “आता नैवेद्यही दाखव.” काकानं कडी उतरवून घेतली. नंतर मला हळूच म्हणाला, “काय गं, तुमच्या इंग्लिश मीडियममध्ये चिंचेचा धडा नव्हता का?” काही दिवसांनी नवी कडी आली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी घरी आले, तर दारात मिस्त्री गाडीला पाना लावून बसला होता. गाडी दानात द्यायची, काकाबरोबर घाटावर काम करणाऱ्या गुरुजींना, असं बाबांनी ठरवलं होतं. “पण हा तमाशा उतरवून. गुरुजींनी हे घेऊन फिरायचं का?” दुसऱ्या दिवशी सकाळी हातावर पाणी घेऊन एकदा संकल्प सोडला, की गाडी आमची राहणार नव्हती. दान परत मागत नाहीत, हे मला काकानंच सांगितलं होतं. मिस्त्रीनं उजवा आरसा काढून बाबांच्या हातात दिला.

“थांबा,” मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं. “बाबा, गाडी नका देऊ. मला हवी आहे. आहे तशी.”

“आणि चालवणार कोण?”

“मी. काकानं शिकवलीय.”

बाबांचा चेहरा उतरला. “मला कोणी सांगितलं नाही,” ते म्हणाले. मिस्त्री भिंतीकडे बघू लागला. “चालवून दाखव,” बाबा शेवटी म्हणाले. “पडलीस, तर उद्या संकल्प.”

पहिल्या किकला इंजिन सुरू होऊन बंद पडलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्यांदा गाडी निघाली. समोरून ई-रिक्षा येत होती आणि उजवीकडे आरसाच नव्हता. वळताना लेगगार्ड भिंतीला घासला, तो कर्कश आवाज दारापर्यंत नक्की गेला असणार. पाय टेकला, सावरले, वळून परत आले... कशी आले ते खरंच आठवत नाही.

बाबा दारातच उभे होते. सदऱ्याच्या टोकानं आरसा पुसत होते. मिस्त्रीला म्हणाले, “रहने दो भैया, अब कुछ मत खोलो.” मग स्वतःच पाना घेऊन आरसा परत बसवू लागले. “गुरुजींना दुसरं काहीतरी देऊ,” एवढंच बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

तो आरसा त्यांच्या हातून जरा खाली झुकलेला बसला आहे. त्यात मागचा रस्ता दिसत नाही, मागची सीट दिसते. शिकवताना काका तिथे बसायचा. रोज सकाळी निघताना, आज सरळ करू, असं म्हणून मी पाना हातात घेते... आणि परत ठेवून देते.