राक्षसभुवनचा नावाडी

निजामाच्या राज्यात माझे वडील, नाना, गेवराईला तहसीलदार होते. मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुटीला आले, की अनोळखी माणसांशी बोलतच नसे. एका सकाळी नानांनी मला राक्षसभुवनची जुनी रणभूमी बघायला गोदावरीतून, तिकडच्या लोकांच्या गंगेतून, नेलं.

नावाड्यानं निघण्यापूर्वी वल्हं कपाळाला लावलं. हात गुंतलेले, म्हणून तो सगळं हनुवटीनं दाखवत होता. "तितं तोफा व्हत्या, बाईसाब. ह्या वळणाला हत्ती."

त्याचा नावेचा परवाना तेव्हा नानांच्या कचेरीत अडकला होता. त्यामुळे तो फार जपून बोलत होता.

इथं पेशव्यांपुढे निजामाची फौज हरली, असं मी वाचलं होतं. तरी न राहवून विचारलं, "मग जिंकलं कोण?"

वल्हं थांबलं. त्यानं नानांच्या निजामी अंमलदाराच्या रूमी टोपीकडे पाहिलं.

"गंगंला लई पानी व्हतं, बाईसाब. आर्धी फौज आमच्या वाडवडलांनी पल्याड नेली, आर्धी हितंच ऱ्हायली. जे आमच्या नावंत बसले, ते जिंकले."

नाना इतके हसले, की नाव डुलली. "उद्या कचेरीत ये," ते म्हणाले, "परवाना घेऊन जा."

मी उतरताना नावाडी हळूच म्हणाला, "पुढल्या बारीला सायबांना घरी ठिवून या. ऱ्हायलेल्या आर्ध्या फौजेचं सांगतो."