गटातली शेवटची जागा

बायकोचा कर्करोग यकृतात पसरला आणि केमोचा उपयोग होईना. सांगलीच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. ते माणसांना पहिल्यांदाच दिलं जात होतं. किती मात्रा सोसते, हेच आधी बघायचं होतं. बरं होण्याचं आश्वासन कुणी दिलं नाही. चाचणीच्या पहिल्या गटात एकच जागा उरली होती. आम्हाला ती हवी होती.

आम्ही साताऱ्याहून सकाळच्या रेल्वेनं जायचो. कोरेगावला एक निवृत्त सुभेदार पत्नीसह चढत. सुभेदारांनाही तोच आजार, तेही त्याच चाचणीसाठी येत. ते गावच्या एका माणसाकडून झाडपाला आणून त्याचा रस अनशापोटी घेत. आम्हालाही त्यांनीच तो दिला.

"वहिनी, डॉक्टरला बोलायचं न्हाई. सांगितलं की गुण जातो."

"मग आम्हाला कसं सांगितलंत?"

"तुमी काय डॉक्टर हाय व्हय?"

निवडीच्या दिवशी विचारलं गेलं, दुसरं काही घेता का? बायको गप्प राहिली. मी पाल्याचं सांगून टाकलं. पाला बंद करून चार आठवडे थांबा, असं उत्तर मिळालं. तेवढ्यात जागा सुभेदारांना गेली. पाल्याबद्दल ते बोललेच नव्हते.

पुढच्या फेऱ्यांत ते समोर बसून दीड भाकरी खात. बायकोला दोन घास जात नसत. ती त्यांना आपलं लोणचं वाढायची. मी त्यांच्या मनगटावरची सुईची पट्टी बघत बसे. एकदा त्यांच्या पत्नीनं पिशवीतून रसाची बाटली काढली. पाला चालूच होता.

त्याच दिवशी मी चाचणीच्या नर्सला गाठून सांगितलं. पाल्यानं यकृताला इजा झाली तर दोष नव्या औषधावर जाईल, आणि सुभेदारांच्या जिवालाही धोका आहे, असं मी म्हणालो. दोन्ही खरं होतं. त्यांच्या जिवाची काळजी मात्र मला नव्हती.

त्यांचं औषध बंद झालं. जागा आम्हाला मिळाली नाही. तोवर आजार वाढून बायको चाचणीच्या निकषांत बसेनाशी झाली होती.

परतीच्या गाडीत सुभेदार म्हणाले, "आमचं कुणी सांगितलं, काय कळंना."

"मी सांगितलं, भावजी," बायको म्हणाली. तिला मी काहीच बोललो नव्हतो.

कराड गेल्यावर सुभेदार म्हणाले, "मग जागा तरी तुमाला मिळाया पायजे व्हती, वहिनी."