मरळीच्या पोटातला पट्टकृमी

हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या डिग्रीवर शंका घेणार, हे मला ठाऊक आहे. घ्या. आमच्या गावाने केव्हाच घेतली आहे.

मी नगरला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. पुढे पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं. परवानगी देणार तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचं एकच पालुपद, "बास झालं की आता. बेडकं फाडून काय नवं निघायचंय?"

मुळा धरणात नुकतंच पाणी साठू लागलं होतं आणि राहुरीकडच्या आमच्या गावाला माशांची नवी चटक लागली होती. काकू माळकरी, त्यामुळे मासा घरात चालत नसे. दर रविवारी परसात तात्या स्वतः गोवऱ्यांवर मासे भाजत. भाजत कसले, शेकत. बाहेरून काळे, आतून कच्चे.

"तात्या, कच्च्या माशातून जंत पोटात जातात. नीट शिजवला तर मरतात."

"लई भाजलं की चव जाती. आमच्या पोटात खडं पचत्यात."

त्या रविवारी भोईणमावशी पाटी घेऊन गल्लीभर फिरली आणि आम्हाला एक दांडगी मरळ देऊन गेली. मी हट्टाने सुरी घेतली, पोट चिरलं, आणि आत काय? वीतभर लांब, फिकट, अंगाला वळ्याच वळ्या. मला इतका आनंद झाला! पुस्तकातलं चित्रच समोर पडलं होतं, आणि नशिबाने तात्याही समोर होते.

"पट्टकृमी," मी जाहीर केलं. "माणसाच्या आतड्यात गेला की कासऱ्याएवढा लांब होतो."

तात्यांनी हातातली गोवरी खाली ठेवली. "मागल्या रविवारी म्या दोन मासं खाल्लं की गं."

"मग असेलच आत."

दया? छे. तीन वर्षांच्या टोमण्यांचा वचपा काढत होते मी.

बातमी गल्लीभर झाली आणि घटकाभरात घरोघरचे मासे उकिरड्यावर गेले. गावची कुत्री जन्मात एवढी जेवली नसतील. तात्या वाटीभर एरंडेल पिऊन टमरेल घेऊन ओढ्याकडे पळाले. तिसऱ्या फेरीला दारात थांबून म्हणाले, "पोर शिकल्याली म्हनून जीव वाचला. जा तू पुन्याला."

मी हवेत. तेवढ्यात भोईणमावशी पदर खोचून दारात.

"माझ्या मालात जंत हायेत म्हनं. दावा बरं."

मी पळसाच्या पानावर जपून ठेवलेला पुरावा ऐटीत पुढे केला. तिने तो दोन बोटांत उचलून सगळ्यांपुढे धरला.

"आगं ताई, ह्यो आमचाच माल हाय. गळाला लावल्यालं गांडूळ. पहाटं मालकानं मोरीपाशी उकरून आनलं."

मी वाकून पाहिलं. गांडूळच. जरासं पचलेलं, फुगलेलं, पण गांडूळ. प्रॅक्टिकलला ज्याची मज्जासंस्था उलगडून दाखवून मी पहिला वर्ग मिळवला, तेच.

"गावात आता कोन घेनार माझा माल? म्हैनाभर माझी पाटी तुमच्याच दारात रिकामी हुईल," मावशी म्हणाली. काकूसुद्धा नाही म्हणाली नाही.

चौथ्या फेरीवरून भिंत धरत तात्या आले. त्यांनी सगळं ऐकलं. पुणं गेलं, असं समजून मी मान खाली घातली.

"पुन्याला तू जायाचंच," तात्या खाटेवर आडवे होत म्हणाले. "एवढ्या शिक्षनावर घरात राह्यलीस, तर आमी कुनी जगत न्हाई."