इंग्रजी वेळेची शिकवणी

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या पत्नीला इंग्रजीतून वेळ विचारायला आणि सांगायला शिकवत होतो. शिक्षकाने घरच्या माणसांना शिकवू नये, हे मला ठाऊक नव्हते असे नाही; पण निमित्तच तसे होते. आमची मुलगी टोरांटोला असते. तिला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला आई हवी होती. बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर मला रजा मिळणे शक्य नव्हते, म्हणून पत्नीने एकटीनेच जायचे ठरले. विमान दोह्याला बदलायचे होते, आणि तिचा अनुभव भुसावळला गाडी बदलण्यापुरता होता.

"आई, मोबाइलवर विसंबू नकोस," मुलीने फोनवर बजावले. "तिथं नेट लागलं नाही, तर तो आपल्याकडचाच टाइम दाखवेल. सरळ कुणाला तरी विचार."

"इंग्लिशमध्ये?"

"नाही, अहिराणीत विचार!"

"मग कशाला शिकायचं? ती तर मला येते," पत्नी म्हणाली.

तिचे बालपण कागदगिरणीच्या वसाहतीत गेले. तिथे कुणी कुणाला वेळ विचारत नसे. गिरणीचा भोंगा वाजला की वडिलांचा डबा भरायचा, एवढे पुरे होते. लग्नानंतर ती आमच्या लालबागमध्ये आली; मुंबईच्या नव्हे, भुसावळ-खांडवा मार्गावरच्या. इथे स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गाडी चुकू नये म्हणून बहुतेक घरांतली घड्याळे पुढे. आमच्या बैठकीतले वीस मिनिटे पुढे असते. काटे पाहायचे, मनातल्या मनात वीस मिनिटे वजा करायची आणि मगच घाई करायची की नाही ते ठरवायचे, ही आमच्या घरची रीत. वेळ आणि घड्याळ या आमच्याकडे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पाहुण्यांची मात्र धावपळ उडते.

शिकवणी संध्याकाळच्या चहानंतर चाले. माझा स्वभाव बोलण्यात मऊ आहे, असे लोक म्हणतात. मला वाटते, मी टोचतो तेही मऊ आवाजात. तिने 'प्लीज' आधी घातले की मी ते शेवटी न्यायला लावी, शेवटी घातले की उच्चार सुधारी. ती निमूटपणे पुन्हा म्हणे. तो निमूटपणा मी प्रगती समजत होतो.

एके दिवशी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारले, "व्हॉट टाइम इज इट?"

"फाइव्ह मिनिट्स टू एट."

"चूक. नीट बघ."

तिने नीट बघितले. "फाइव्ह मिनिट्स टू एट."

"अगं, मोठा काटा कुठे आहे? क्वार्टर पास्ट एट!"

"ते घड्याळात. वाजले किती, ते मी सांगितलं."

"मी घड्याळातलं विचारलं होतं."

"तुम्ही टाइम विचारला, अहो. घड्याळाचं नावसुद्धा काढलं नाही."

तिथेच मी हसायला हवे होते. त्याऐवजी मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "तिथे असं केलंस तर विमान सुटेल."

ती उठली आणि चहाचे कप उचलत शांतपणे म्हणाली, "मग मी नाही जात. तुम्हीच जा. तुमचं इंग्लिश चांगलं आहे."

मला वाटले, सकाळपर्यंत विसरेल. पण तिने अर्धवट भरलेली बॅग पुन्हा पलंगाखाली सारली. मग मुलीचा फोन आला, तो थेट माझ्या मोबाइलवर.

"बाबा, आई म्हणते ती येत नाही. काय केलंत तुम्ही?"

"शिकवलं."

"तेच ते," ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, मला खरंच भीती वाटते हो. आई पाहिजे मला इथं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या घड्याळासमोर बसलो. तिने वेळ बरोबर सांगितली होती, इंग्रजी बरोबर होते, वजाबाकीसुद्धा बरोबर होती. उत्तर चूक ठरवणारा मीच होतो, आणि माझ्या त्या हट्टाची किंमत परदेशात एकटी पडलेली मुलगी मोजणार होती. मी स्वयंपाकघरात गेलो. ती मेथी निवडत होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझंच उत्तर बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे." तिने आणखी एक जुडी सोडली. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या स्टेशनवर चला. परक्या माणसाला विचारून बघते. तुम्ही लांब उभं राहायचं. बोलायचं बिलकुल नाही."

दुसऱ्या दिवशी मी फलाटावरच्या चहावाल्यापाशी उभा राहिलो. तिने बाकावर बसलेले, कोट घातलेले एक सभ्य गृहस्थ निवडले. "एक्सक्यूज मी, व्हॉट टाइम इज इट, प्लीज?" वाक्य निर्दोष होते. गृहस्थांनी मनगटाकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कौनसी गाडी है, भाभीजी?"

"गाडी नहीं है. टाइम चाहिए."

"अरे, गाडी तो बताइए, फिर टाइम बताते हैं!"

त्यांचेही बरोबरच होते. आमच्या स्टेशनवर निव्वळ वेळ कुणी विचारत नाही. विचारतो तो गाडीसाठी. त्यांनी मोबाइल काढला, शेजाऱ्याला हाक मारली, आणि बघता बघता चौघे जण मिळून तिची गाडी शोधू लागले. ती हसत हसत परत आली.

"एवढं इंग्लिश बोलले, तरी मला खांडव्याला पाठवत होते! पण एक सांगू? त्या माणसाचं बरोबर आहे. मला टाइम घेऊन काय करायचं? माझ्या विमानाला किती वेळ आहे, ते पाहिजे." मग हातात तिकीट धरल्यासारखे करून तिने स्वतःच वाक्य जुळवले, "माय प्लेन, हाऊ मच टाइम?"

माझ्या जिभेवर दुरुस्ती तयार होती. ती मी चहाबरोबर गिळली.

घरी आल्यावर तिने पलंगाखालची बॅग ओढून काढली. मुंबईच्या विमानतळावर दारापर्यंतच मला सोबत करता आली. काचेपलीकडे गेल्यावर तिने मागे वळून हात हलवला आणि रांगेतल्या कुणाला तरी काही विचारू लागली. काय विचारत होती ते मला ऐकू आले नाही. बहुधा त्यामुळेच ती मोकळेपणाने विचारत असावी.

मी परतीच्या गाडीत बसलो असताना एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी बोलतेय, दोह्याहून. इथल्या बाईंचा फोन आहे."

"विचारलंस?"

"विचारलं. या केरळच्या आहेत. तिकीट बघितलं, टू अवर्स म्हणाल्या, आणि माझ्या गेटपाशी आणून बसवलं मला. मग मी त्यांना पोरीचं सगळं सांगितलं."

"इंग्रजीत?"

"काय माहीत कशात! त्यांना समजलं."

काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "तिथे आता किती वाजले?"

"ते नाही बाई विचारलं," ती म्हणाली. "ठेवते. त्यांचा फोन आहे."